काट्याची जखम आणि पेनिसिलिन

मालवणच्या किनाऱ्यावर मासळी साफ करताना बोटात काटा रुतणे नित्याचेच. बहुधा जखम भरून येते. पण तिच्यातून जिवाणू रक्तात शिरून वाढू लागले, तर जिवावर बेतते. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये असा जंतुसंसर्ग झालेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन टोचले. तो सुधारू लागला. औषध अपुरे पडले, तेव्हा त्याच्याच लघवीतून ते वेगळे काढून पुन्हा दिले. तरीही पुरले नाही आणि तो दगावला. १९५५ मध्ये पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले. टंचाई सरली.

पण १९४० सालीच अब्राहम आणि चेन यांना आतड्यातील एका जिवाणूत पेनिसिलिन निकामी करणारे विकर आढळले होते. औषधाने इतर जिवाणू मरतात. असे विकर बनवणारे तगतात आणि वाढतात. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणाऱ्या आतड्यातील जिवाणूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ आढळल्याचे प्रसिद्ध केले. हेही विकरच, युक्ती जुनीच!

साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. तरी ती घेतली, तर शरीरातल्या जिवाणूंमधून निवड होते ती तगणाऱ्यांचीच. वर्गात नैसर्गिक निवड शिकवताना याहून जवळचे उदाहरण कोणते?