लोकप्रीतीचा दरबार आणि कायद्याची कचेरी

वेदकाळी इंद्राचा दरारा केवढा होता! ऋग्वेदातील सर्वाधिक सूक्ते त्याच्याच वाट्यास आली आहेत. परंतु आज गावोगाव हिंडून पाहावे, तर इंद्राचे देऊळ हुडकून काढणे कठीण. उलट, त्या सूक्तांत तुलनेने कमी वेळा आळविले गेलेले विष्णू आणि रुद्र हे आज घरोघर पूजिले जातात. देवांची जर ही गत, तर माणसाने कागदावर रंगविलेल्या वीरांची काय कथा? अमेरिकेतील चित्रकथांमध्ये गेल्या पाऊणशेहून अधिक वर्षांत जे महावीर अवतरले, त्यांच्या भाग्याचा इतिहास वाचताना हा विचार वारंवार मनात येतो. त्या इतिहासातील एक प्रकरण कोर्टकचेरीचे आहे. धंद्याने वकील असल्यामुळे मी त्याच दाराने आत शिरलो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

१९३८ साली ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रकट झाला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांची ती निर्मिती. दोघांचाही जन्म १९१४ चा. त्यांनी या वीरावरील सर्व हक्क १३० डॉलरांस प्रकाशकाला लिहून दिले. तो काळ महामंदीचा होता. म्हणूनच आरंभीचा सुपरमॅन परग्रहावरील राक्षसांशी झुंजत नसे. बायकोला मारणारा नवरा, लाच देऊ पाहणारा दलाल, मजुरांच्या जिवाची पर्वा न करणारा खाणमालक हे त्याचे शत्रू. बेकारीने गांजलेल्या वाचकास हवा होता तो असाच, कोणाचीही भीडमुर्वत न ठेवणारा कैवारी.

पण पुढे दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, फॉसेट नावाच्या प्रकाशनसंस्थेने कॅप्टन मार्व्हल आणला आणि पारडे फिरले. बिली बॅट्सन हा एक अनाथ पोर ‘शझाम’ हा मंत्र उच्चारतो, वीज कडाडते आणि त्याच्या जागी महाबली पुरुष उभा राहतो, अशी ती कल्पना. सुपरमॅन मुळातच थोर. त्याच्याकडे मुलाने मान उंचावून पाहावयाचे. येथे मात्र मूल स्वतःच थोर होत होते. चित्रकार सी. सी. बेक यांची मोकळी, प्रसन्न रेषा आणि लेखक ऑटो बाइंडर यांची विनोदबुद्धी या दोहोंमुळे कथेस घरगुती गोडवा आला. १९४१ मध्ये कॅप्टन मार्व्हल रुपेरी पडद्यावर आला आणि काही वर्षांतच खपाच्या बाबतीत त्याने सुपरमॅनलाही मागे टाकले. बाजारातल्या पोरांनी आपला निकाल दिला होता.

तो निकाल सुपरमॅनच्या मालकांस मान्य झाला नाही. कॅप्टन मार्व्हल ही आमच्या वीराची नक्कल आहे, असे म्हणून त्यांनी १९४१ साली दावा दाखल केला. दाव्याची सुनावणी उभी राहण्यास १९४८ उजाडले. (आपल्याकडील तारखांना कंटाळलेल्या पक्षकारांनी एवढ्यावरून समाधान मानण्यास हरकत नाही!) खालच्या कोर्टाने नक्कल झाल्याचे मान्य केले, परंतु वृत्तपत्रांतील सुपरमॅनच्या चित्रपट्ट्यांवर हक्कनिदर्शक सूचना यथायोग्य छापली गेली नव्हती, सबब वादीने आपला हक्क गमावला आहे, असे ठरवून दावा काढून टाकला. १९५१ मध्ये अपिलात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हा निर्णय फिरवला. काही ठिकाणी सूचना राहून गेली म्हणजे सगळा हक्कच सोडून दिला असे होत नाही. मात्र प्रत्यक्ष कोणकोणत्या पट्ट्यांची नक्कल झाली, ते एकेक पट्टी तपासूनच ठरवावे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. आकाशातून उडणारा बलाढ्य पुरुष ही कल्पना कोणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाही; मालकी असते ती त्या कल्पनेच्या विशिष्ट मांडणीवर. हे तत्त्व वकिलास नवे नाही. पण ते तांबड्या-निळ्या पोशाखांच्या साक्षीने वाचताना मोठी मौज वाटते.

पुनर्विचाराची वेळ आलीच नाही. १९५३ मध्ये तडजोड झाली. फॉसेटने चार लाख डॉलर भरले आणि कॅप्टन मार्व्हलच्या कथा कायमच्या बंद करण्याचे कबूल केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅप्टन मार्व्हलचा अंत केवळ कायद्याने केला, असे म्हणता येणार नाही. युद्ध संपताच महावीरांची ओढच ओसरली होती. वाचक गुन्हेगारीच्या, प्रेमाच्या आणि भुताखेतांच्या कथांकडे वळले होते. झाड आतून वठत आले होते. कज्जाने फक्त कुऱ्हाड चालविली. त्यातच १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचा या चित्रकथांवर आरोप ठेवणारा ग्रंथ निघाला, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने साक्षी घेतल्या आणि भयभीत प्रकाशकांनी आपणहून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली.

या पराभवाचे एक गमतीचे फळ पाहा. कॅप्टन मार्व्हलचे लेखक बाइंडर हे पुढे सुपरमॅनच्याच कथा लिहू लागले. १९५९ साली सुपरमॅनला ‘सुपरगर्ल’ ही चुलत बहीण मिळाली, ती त्यांच्याच लेखणीतून. खाणमालकांना दरडावणारा तो एकांडा शिलेदार आता गणगोतात रमलेला, थट्टामस्करी सोसणारा गृहस्थ झाला. हरलेल्या वीराचा स्वभाव विजेत्याच्या घरी नांदावयास गेला!

पुढे १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला. त्याच्यापाशी बळ होते, पण घरात पैसा नव्हता; म्हाताऱ्या काकूचे आजारपण होते, आणि आपल्या बेपर्वाईने काकाचा जीव गेला ही टोचणी होती. बिली बॅट्सनला मोठे व्हावयाचे होते. पीटर पार्करला मोठेपण जड जात होते. मुले वयात आली की त्यांचे वीरही वयात येतात, असे यावरून म्हणावेसे वाटते. पुढच्या पिढीची आवड तर अधिकच कठोर झाली. १९८८ साली बॅटमॅनचा बालसोबती जेसन टॉड याने जगावे की मरावे, याचा कौल वाचकांकडून दूरध्वनीवर घेण्यात आला. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जीवनाच्या बाजूने ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी त्या पोराचा निकाल लागला. आणि २००५ मध्ये लेखकांनी त्यास पुन्हा जिवंत केले. लोकप्रीतीच्या दरबारात फाशीची शिक्षासुद्धा अंतिम नसते.

आणि कॅप्टन मार्व्हल? ज्यांनी त्याला कोर्टात खेचले, त्याच प्रकाशकांनी त्याच्या कथांचे हक्क घेऊन १९७३ मध्ये त्यास परत आणले. परंतु मधल्या काळात, १९६७ साली, मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने ते नाव आपल्या एका निराळ्या वीरास देऊन त्यावर व्यापारी हक्क मिळविला होता. त्यामुळे जुन्या वीराला स्वतःच्या मासिकावर स्वतःचे नाव मिरविता येईना. मुखपृष्ठावर ‘शझाम’ हा मंत्रच छापावा लागला आणि अखेर तेच त्याचे नाव झाले. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ आणि ‘शझाम’ असे दोन निरनिराळे चित्रपट लागोपाठ झळकले. पहिल्यातील कॅप्टन मार्व्हल ही एक स्त्री आहे. एकाचे नाव आणि दुसऱ्याचा देह, असा हा परकायाप्रवेश.

आपल्याकडेही असा एक परकायाप्रवेश घडला. ली फॉक यांचा १९३६ चा ‘फँटम’ इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आला, तो वेताळ होऊन. ज्या भूमीत आमोण्याचा आणि पैंगीणचा वेताळ गावाची राखण करतो, तेथील मुलांना मुखवटा घातलेला हा रानातील राखणदार परका का वाटावा? १९६४ साली सुरू झालेले ते प्रकाशन १९९० मध्ये थांबले. देवळातला वेताळ मात्र आपल्या जागी आहे.

या साऱ्या इतिहासात माझ्या मनास लागून राहते ती सीगल-शूस्टरांची गोष्ट. सुपरमॅनच्या हक्कासाठी त्यांनी १९४७ मध्ये दावा लावला. हक्क तर परत मिळाला नाहीच, पण कथांवरील त्यांची नावेही गेली. १९७५ साली, लोकांत बोभाटा झाल्यावर, त्यांना वार्षिक २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत स्थान मिळाले. हा न्याय कोर्टाने दिला नाही. तो लोकलज्जेने दिला. म्हणजे ज्या लोकप्रीतीस आपण चंचल म्हणून हिणवितो, तिनेच येथे कायद्याची उणीव भरून काढली.

अमेरिकन कायद्याने ९५ वर्षांची मुदत धरली, तर १९३८ चा तो पहिला सुपरमॅन २०३४ च्या आरंभी सर्वांचा होईल. मुले मात्र ती मुदत संपण्याची वाट पाहत बसली नाहीत. गळ्याभोवती आईचा टॉवेल बांधून पलंगावरून उडी मारणाऱ्या पोराने त्याचा ताबा केव्हाच घेतला आहे, आणि तो ताबा सोडविण्याचे सामर्थ्य कोणत्याही हुकूमनाम्यात नाही.