कास्तील्योनेचे मोठे चर्च

गावातल्या दवाखान्याच्या पाटीवर किंवा डॉक्टरांच्या मोटारीच्या काचेवर पांढऱ्या जागेत काढलेला तांबडा क्रूस आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तो ख्रिस्ती धर्माचाच क्रूस, असा समज अन्यधर्मीयांप्रमाणे आपल्यातील अनेक भाविकांचाही आहे. वस्तुतः ते स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटवून तयार केलेले चिन्ह आहे. आणि १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमानुसार आपल्या देशात खाजगी डॉक्टरांना ते परस्पर वापरताही येत नाही! मात्र ह्या चिन्हामागील रेड क्रॉस संस्थेचे बीज एका धर्मग्रामाच्या चर्चमध्ये पडले, ही गोष्ट खरी आहे.

सेमिनरीत आम्ही १८५९ चे युद्ध शिकलो ते इटलीच्या एकीकरणाचे एक पर्व म्हणून. पोपमहोदयांच्या ताब्यातील प्रदेश त्यानंतर कसकसे गेले, ह्यावर बराच काळ चर्चा चाले. सोल्फेरिनोच्या लढाईच्या वाट्याला मात्र एखादे वाक्य येई. ही लढाई २४ जून रोजी, म्हणजे संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या जन्मोत्सवाच्या दिवशी झाली. एका बाजूस फ्रान्स व सार्डिनिया, दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रिया. दोन्ही सम्राट कॅथलिक होते, हे नमूद केलेले बरे. सायंकाळी रणभूमीवर मृत व जखमी मिळून सुमारे ४०,००० माणसे पडली होती.

जखमींचा लोंढा जवळच्या कास्तील्योने ह्या लहानशा नगरात शिरला. चर्चे, मठ, घरे, रस्ते भरून गेले. तेथील मोठ्या चर्चमध्ये जखमींना दगडी फरशीवर गवत टाकून निजविले होते. अन्न होते, पाणी होते, पण ते तोंडाशी नेणारे हात अपुरे होते. अशा वेळी हेन्री ड्यूनांट हा एकतीस वर्षांचा, जिनिव्हाचा प्रोटेस्टंट व्यापारी तेथे पोहोचला. तो सेवेसाठी आला नव्हता. अल्जीरियातील आपल्या जमिनीच्या व पाणचक्क्यांच्या कामासाठी त्याला सम्राट तिसऱ्या नेपोलियनची गाठ घ्यायची होती. ते काम बाजूस राहिले. त्याने आपल्या गाडीवानाला ब्रेशाला पाठवून लिंबे, साखर, सदरे, पट्ट्या आणि तंबाखूसुद्धा आणविली. तंबाखूची आम्हांस प्रथम मौज वाटली. परंतु पाय कापला जाणाऱ्या माणसाला धीर देणारे दुसरे तेथे होते तरी काय?

लोरेन्झो बार्झिझा ह्या स्थानिक धर्मगुरूंच्या साहाय्याने गावच्या स्त्रिया कामाला लागल्या. मुले कारंज्यांवरून पाणी वाहू लागली. त्यांच्या प्रांताने ऑस्ट्रियाचा अंमल सोसला होता. तरीही फ्रेंच आणि ऑस्ट्रियन असा भेद त्यांनी केला नाही. हे सगळे आपले भाऊच, असे त्या म्हणत. भेद न करण्याचा धडा त्यांनी ड्यूनांटच्या उदाहरणावरून घेतला, हे खरे. पण परक्या प्रवाशाने शत्रूला पाणी पाजणे निराळे आणि गावच्या बाईने पाजणे निराळे, असे आम्हांस वाटते.

ह्या अनुभवांवर ड्यूनांटने १८६२ मध्ये स्वखर्चाने पुस्तक छापले. १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी दहा कलमांचा करार केला. कोणत्याही देशाच्या जखमी सैनिकाची शुश्रूषा व्हावी, असे त्यात ठरले. त्यातील पाचवे कलम आम्हांस विशेष वाटते: जखमींना मदत करणाऱ्या गावकऱ्यांना सैन्याने मोकळे ठेवावे. कास्तील्योनेच्या बायका अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कायद्यात आल्या, त्यांच्या नावांविना.

पुढे ड्यूनांटचे दिवाळे निघाले. १८६७ मध्ये त्याला समितीतून दूर करण्यात आले आणि तो जिनिव्हा सोडून गेला तो कायमचा. १८९२ पासून तो हायडेन गावच्या रुग्णालयात राहिला. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्याच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला त्याची आठवण झाली. १९०१ चा पहिला नोबेल शांतता पुरस्कार त्याला फ्रेदेरिक पासी ह्यांच्यासमवेत मिळाला. १९१० मध्ये मरताना त्याने गावातील गरीब रुग्णासाठी एका मोफत खाटेची तरतूद करून ठेवली होती.

पहिल्या महायुद्धात जिनिव्हाच्या राथ संग्रहालयात युद्धकैद्यांचा शोध घेणारी कचेरी उघडली. सुमारे सत्तर लाख पत्रके तेथे जमली. कित्येक पत्रकांमागे कोणा आईचे वा पत्नीचे विचारणे होते. रोमाँ रोलाँ तेथे काम करीत. आणि मार्गरीट फ्रिक-क्रामर ह्याही. १९१८ मध्ये ह्या बाई समितीच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या.

त्यांचे नाव घेण्यास कारण आहे. तुरुंगात प्रवेश मिळावा म्हणून बाहेर बोलायचे नाही, ही ह्या संस्थेची जुनी रीत. तिचे फळ असंख्य कैद्यांना मिळाले आहे. पण १९४२ च्या शरदात यहुद्यांच्या संहाराच्या वार्ता जिनिव्हास पोहोचल्या होत्या. जाहीर आवाहनाचा एक मसुदा तयार झाला. त्यात जर्मनीचे नाव नव्हते, यहुद्यांचेही नव्हते. १४ ऑक्टोबरच्या बैठकीत फ्रिक-क्रामरबाई आवाहनाच्या बाजूने बोलल्या. स्वित्झर्लंडचे त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्ष फिलिप एटर हे समितीचे सदस्य होते. त्यांनी विरोध केला. एटर हे कॅथलिक होते, हे आम्ही आपल्या वाचकांपासून लपवू इच्छीत नाही. मसुदा बाजूला ठेवण्यात आला.

ते आवाहन निघाले असते तर एक तरी आगगाडी थांबली असती काय, ह्यावर अभ्यासक आजही वाद घालतात. संस्थेने स्वतः मात्र ते आपले अपयश असल्याचे पुढे जाहीरपणे मान्य केले आणि १९९६ मध्ये त्या काळची दप्तरे अभ्यासकांसाठी खुली केली.