सोडियम चुंबकाला दिसते, पोटॅशियम क्ष-किरणांना

स्ट्रोक, म्हणजेच पक्षाघाताचा झटका, हा रक्तवाहिनीचा आजार म्हणून आपण ओळखतो. मेंदूतील पेशीच्या दृष्टीने पाहिले, तर तो मूलद्रव्ये आपली जागा सोडून जाण्याचा आजार आहे. ही सुटलेली जागा डोळ्यांना दिसावी यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास भौतिकशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितला जातो.

आरंभ खेकड्यापासून करावा लागतो. १९५७ मध्ये डेन्मार्कमधील येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातील चेतांमध्ये एक विकर शोधले. हे विकर म्हणजे पेशीच्या आवरणातील पंप होय. तो दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. त्यामुळे चेतापेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर बाहेर अवघे ३च्या आसपास. सोडियमची वाटणी याच्या उलट. शरीराच्या वजनात २ टक्के असलेला मेंदू २० टक्के ऑक्सिजन वापरतो, त्यातला मोठा वाटा या पंपावर खर्च होतो. (स्कौ यांना नोबेल मिळाले १९९७ मध्ये, म्हणजे ४० वर्षांनी.)

रक्त थांबले की पंप थांबतो. पण नेमका केव्हा? १९७७ मध्ये अ‍ॅस्ट्रप, सायमन, ब्रॅन्स्टन आणि लासेन यांनी बबून माकडांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युतअग्रे बसवून हे मोजले. १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे १५ मिलिलिटर इतक्यावर रक्तप्रवाह उतरला, की मेंदूचे विद्युतसंकेत बंद पडत. पोटॅशियम मात्र प्रवाह सुमारे ६वर येईपर्यंत पेशीबाहेर लोटत नसे. या दोन आकड्यांच्या मधल्या ऊती मुक्या झालेल्या असतात, पण जिवंत असतात. १९८१ मध्ये अ‍ॅस्ट्रप, सिस्यो आणि सायमन यांनी या अवस्थेसाठी ग्रहणातला शब्द रूढ केला : उपच्छाया. छायाकल्प चंद्रग्रहण पाहिलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. स्ट्रोकवरची आजची सारी धावपळ या उपच्छायेसाठी चाललेली असते.

विद्युतअग्र एका बिंदूचे मोजमाप देते, नकाशा देत नाही. नकाशाचे साधन मात्र तोवर साठ वर्षांहून जुने झाले होते. प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे विशिष्ट क्ष-किरण देते, हे बार्कला यांनी दाखवले. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी त्या किरणांची वारंवारता अणुक्रमांकाशी जोडली. दोन वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. त्यांच्या नियमानुसार पोटॅशियमची सही ३.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला उमटते, कॅल्शियमची ३.७ला, लोहाची ६.४ला, जस्ताची ८.६ला. सिंक्रोट्रॉनचा बारीक झोत मेंदूच्या पातळ कापावरून सरकवत नेला, की कोणताही रंग न घालता बिंदूगणिक या सह्या वाचता येतात. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांतील स्ट्रोकचे असे नकाशे प्रसिद्ध केले. मृत गाभ्यात पोटॅशियम घटलेले, क्लोरीन व कॅल्शियम वाढलेले आणि कडेला मधल्या प्रमाणांचा पट्टा, म्हणजे उपच्छाया. यात ऊती झटकन गोठवाव्या लागतात, कारण फॉर्मॅलिनमध्ये बुडवल्या तर पोटॅशियम धुऊन जाते आणि जे पाहायचे तेच नाहीसे होते. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इंडस-२वर सूक्ष्मझोताची क्ष-किरण प्रतिदीप्ती शलाका आहे. इच्छुक विद्यार्थ्यांनी तिची माहिती जरूर काढावी.

या पद्धतीत सोडियम मात्र निसटते. त्याची सही १.०४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी मवाळ आहे, की थोड्याशा हवेतच ती विरून जाते. शिवाय रुग्णाच्या मेंदूचे काप करता येत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

जिवंत माणसासाठी दुसरी वाट चुंबकाची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सादेक हिलाल यांच्या गटाने १९८३ मध्ये मांजरांच्या मेंदूतील सोडियमची प्रतिमा स्ट्रोकपूर्वी आणि स्ट्रोकनंतर घेतली. सोडियमचा संकेत पाण्यातील हायड्रोजनच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण, म्हणून चित्र धूसर. पोटॅशियमचा त्याहूनही क्षीण. माणसाच्या मेंदूतील पोटॅशियमची प्रतिमा जर्मनीत ७ टेस्लाच्या यंत्रावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच पंपाची दोन टोके, आणि प्रत्येक यंत्राला सहज दिसते ते एकच! मला या इतिहासातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

धूसर सोडियमचेही मोल मोठे आहे. गुठळी विरघळवणारे औषध प्रचलित नियमानुसार साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि झोपेतून उठताच हात लुळा पडलेल्या माणसाचे तास कोणी मोजलेले नसतात. रक्त तुटलेल्या ऊतीत सोडियम तासागणिक साचत जाते. थलबॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये माकडांत व रुग्णांत हे प्रमाण मोजून ऊती वाचण्याजोग्या आहेत का, याचा निकष त्यातून मांडला. २०१८ मधील युरोपीय चाचणीने अशा रुग्णांसाठी वेगळी युक्ती यशस्वी करून दाखवली. ती पाण्याच्या प्रतिमांवर चालते, कारण त्या कोणत्याही एमआरआय यंत्रावर निघतात. सोडियमसाठी तेच ३ टेस्लाचे यंत्र १२८ऐवजी ३४ मेगाहर्ट्झवर ऐकावे लागते, आणि त्यासाठी लागणारे वेगळे वेटोळे व प्रवर्धक रुग्णालयाच्या नेहमीच्या यंत्रासोबत येत नाहीत.