विल्बर स्मिथ, मुंबईचे रस्ते आणि पायी चालणारा माणूस

मुंबईच्या वाहतुकीचा विषय निघाला की १९६२च्या विल्बर स्मिथ अहवालाचे नाव हमखास येते. हे स्मिथ कोण, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. येल विद्यापीठाच्या महामार्ग-वाहतूक विभागाचे ते सहसंचालक होते. मॅटसन आणि हर्ड यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘ट्रॅफिक इंजिनिअरिंग’ हे पाठ्यपुस्तक १९५५ मध्ये निघाले. त्याआधी, १९५२ मध्ये, त्यांनी दक्षिण कॅरोलिनात स्वतःची सल्लागार कंपनी काढली होती. मुंबईचा अभ्यास तिनेच केला.

तिच्यापुढे पाटी कोरी नव्हती. मोडकसागराला ज्यांचे नाव आहे ते महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याची रूपरेषा मांडली होती. पुढे १९५८ मध्ये द्वैभाषिक राज्याच्या सरकारने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याच्या कार्यकक्षेत वाहतुकीची कोंडी, मोकळ्या जागांची टंचाई, घरांचा तुटवडा आणि कारखान्यांची दाटी हे चारही प्रश्न एकत्र होते. म्हणूनच १९५९ च्या अहवालाने ठाण्याच्या खाडीवर पूल सुचवला आणि बेटाबाहेर वाट दाखवली. स्मिथ अहवालाचा भर वेगळा होता : बेटाच्या पश्चिम आणि पूर्व कडेने द्रुतगती मार्ग.

स्मिथ यांच्या वाहतूक अभियांत्रिकी या शास्त्राची एक रूढ पद्धत अशी : रस्त्यात वाहन थांबवायचे, ‘कुठून आलात, कुठे चाललात’ विचारायचे, आणि उत्तरांवरून नकाशावर सरळ रेघा ओढायच्या. फेऱ्या जितक्या जास्त, तितकी रेघ जाड. वाहनांना कुठून कुठे जायचे आहे हे त्यातून नेमके दिसते. पण लालबागच्या चाळीतून परळच्या गिरणीत चालत जाणारा कामगार अशा नाक्यावर थांबवला जात नाही. त्याची रेघ उमटतच नाही.

बेटाच्या कडेने द्रुतगती मार्ग नेण्याची कल्पना मात्र टिकाऊ निघाली. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग आणि २०२४ मध्ये किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. याच काळात परळच्या गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली. माणसांचे लोंढे वाढले, पण स्थानकाचा अरुंद जिना तसाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड-परळ पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले.

महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, हे २००८ च्या ‘ट्रान्सफॉर्म’ या वाहतूक अभ्यासाने दाखवून दिलेच होते. तेव्हा माहितीची वाण नव्हती. स्मिथ यांच्या शास्त्राला दोष देऊनही भागणार नाही, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने चोख दिले. प्रश्न ठरवणे हे सरकारचे आणि नागरिकांचे काम. बर्वे गटापुढे सरकारने चार प्रश्न एकत्र मांडले होते. यापुढचा प्रत्येक वाहतूक अभ्यास तिथूनच सुरू झाला पाहिजे, आणि त्यात पादचाऱ्याची गणती सर्वांत आधी झाली पाहिजे.