बँक गेली, बाटल्यांचं घर राहिलं



या वेळी स्वयंपाकघर सोडून जरा लांब जाऊ या. अमेरिकेत नेवाडा राज्यात, लास वेगासच्या वायव्येला साधारण १९० किलोमीटरवर, डेथ व्हॅलीच्या उंबरठ्यावर रायोलाइट नावाचं एक ओसाड गाव आहे. एका दिवसात जाऊन येता येतं. आम्ही पहाटे निघालो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा मोठा कॅन होता. तिथं ना दुकान, ना सावली, त्यामुळे आपलं सगळं आपण न्यायचं.

रायोलाइट हे खरं तर एका ज्वालामुखी खडकाचं नाव. १९०४ च्या ऑगस्टमध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघांना इथल्या टेकड्यांत सोनं सापडलं. बातमी पसरली आणि पुढच्याच वर्षी वाळवंटात गाव उभं राहिलं. १९०६ च्या डिसेंबरात रेल्वे आली. मग वीज, टेलिफोन, नळाचं पाणी, वर्तमानपत्रं, इस्पितळ, संगीत-नाटकाचं सभागृह आणि चक्क शेअर बाजारसुद्धा! ऐन भरात तिथली वस्ती चार-पाच हजारांची होती, असं धरतात. १९१० च्या जनगणनेत ६७५ माणसं उरली आणि १९२० मध्ये चौदा.

सोनं संपलं म्हणून गाव संपलं, असं पर्यटक एकमेकांना सांगतात. पण मी बी.कॉम. शिकलेली बाई, मला हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. सोनं निघत होतं. इथल्या सर्वांत मोठ्या माँटगोमेरी शोशोनी खाणीनं पहिल्या तीन वर्षांत दहा लाख डॉलरहून जास्त माल दिला. ही खाण १९०६ मध्ये पोलादसम्राट चार्ल्स श्वाब यांनी विकत घेतली आणि तिच्यात पैसा ओतला. एवढा मोठा माणूस आला म्हटल्यावर लोकांनी डोळे मिटून शेअर घेतले. एका शेअरचा भाव तेवीस डॉलरपर्यंत चढला. म्हणजे जमिनीखाली जे अजून कोणी पाहिलं नव्हतं, तेच ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जाऊन बसलं.

मग १९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये बँकांवर धाड पडावी तशी ठेवीदारांची झुंबड उडाली आणि देशभर भांडवल आटलं. १९०८ मध्ये घाबरलेल्या भागधारकांनी एका स्वतंत्र इंजिनिअरकडून खाण तपासून घेतली. त्याचा अहवाल निराशाजनक निघाला आणि तेवीसचा शेअर तीनच्या खाली आला. १९११ मध्ये खाण बंद झाली तेव्हा भाव होता चार सेंट! आणि श्वाब? १९३९ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेपेक्षा कर्ज जास्त होतं. आपल्याकडे परिग्रहाला मर्यादा घालण्याचं व्रत श्रावकासाठी सांगितलं आहे. लहानपणी मला वाटायचं, हे व्रत श्रीमंतांनी फार खाऊ नये म्हणून असावं. त्या गावात उभं राहिल्यावर कळतं की ते हाव आणि हिशोब यांची गाठ पडू नये म्हणून आहे.

गंमत तारखांची आहे. न्यूयॉर्कची घबराट १९०७ ची, आणि इथली कुक बँकेची तीन मजली इमारत पूर्ण झाली १९०८ मध्ये. नव्वद हजार डॉलर खर्च, इटालियन संगमरवर, महोगनी लाकूड. दोन मजली काँक्रीटची शाळा तर १९०९ ची, वीस हजार डॉलरची. मुलं गाव सोडून चालली होती आणि शाळा बांधून पूर्ण होत होती. मला बँकेपेक्षा त्या शाळेच्या रिकाम्या खिडक्यांपाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटलं. बँक बांधणारे पैशाला भुलले असतील, पण शाळा बांधणाऱ्यांना हे गाव राहील असंच वाटत असणार.

आता या गावाची खरी मौज. बँकेच्या नुसत्या भिंतींचे सांगाडे उरलेत, पण टॉम केली नावाच्या खाणकामगारानं १९०६ च्या सुमारास बांधलेलं बाटल्यांचं घर अजून धड आहे. वाळवंटात लाकूड महाग, जोशुआ झाडाच्या खोडाचं काही घर होत नाही. पण गावात दारूचे गुत्ते भरपूर, रिकाम्या बाटल्यांचे ढीग! त्यानं त्या मातीच्या गाऱ्यात आडव्या रचल्या. सुमारे पन्नास हजार बाटल्या, बहुतेक बिअरच्या. आपल्याकडे मद्य वर्ज्य, अन् मी त्या भिंतीला हात लावून काचेतून येणारं हिरवट ऊन बघत बसले. १९२५ मध्ये एका सिनेमावाल्यांनी हे घर दुरुस्त केलं, म्हणूनही ते टिकलं. पण आधीची वर्षं ते टिकलं, कारण बाटल्या कोणाला नको होत्या. संगमरवर, लाकूड, लोखंड लोकांनी उचलून नेलं.

जवळच, गावाच्या वाटेवर, उघड्यावर शिल्पं आहेत. अल्बर्ट शुकाल्स्की या बेल्जियन कलाकारानं १९८४ मध्ये इथं येशूच्या शेवटच्या भोजनाचा देखावा केला. आसपासची माणसं बसवायची, अंगावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड टाकायचं आणि ते वाळलं की आतल्या माणसानं खालून निसटायचं. उरतो तो फक्त कापडाचा आकार, आत पोकळी. तेरा पांढऱ्या आकृत्या, एकालाही चेहरा नाही. आपल्या बारा भावनांमधली पाचवी, अन्यत्व भावना, देह वेगळा आणि जीव वेगळा असं सांगते. मी ती वर्षानुवर्षं सामायिकात म्हणते, पण निसटलेल्या माणसाची जागा अशी डोळ्यांनी कधी बघितली नव्हती. त्याच्या ध्यानात अर्थातच बायबल असणार. पुढे इतर कलाकारही आले. गुलाबी सिमेंट ठोकळ्यांची पंचवीस फुटी बाई आहे, शॉर्टी हॅरिसचा लोखंडी पुतळा आहे आणि त्याच्या मागे, का ते विचारू नका, एक पेंग्विन! तिथं फाटकही नाही आणि तिकीटही नाही.

राजस्थानातलं लोदुर्वा आठवलं. तेही वाळवंटातलं उजाड शहर, भाटी राजांची जुनी राजधानी. ११५६ मध्ये जैसलमेर वसलं आणि राजधानी तिकडे गेली. पण पार्श्वनाथाचं मंदिर थारू शाह या श्रावकानं १६१५ मध्ये पुन्हा बांधलं. शहर गेल्यावर साडेचारशे वर्षांनी तिथं कोणी मंदिर उभारतं आणि आजही पूजा होते. रायोलाइट मात्र सगळं मिळून बारा वर्षं टिकलं. १९१६ मध्ये वीज तोडली, तेव्हा पाहायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

परतताना बिटीला थांबलो. रायोलाइट उठलं तेव्हा आख्ख्या इमारती गाड्यांवर घालून इथं आणल्या होत्या. कामगार संघाचं सभागृह बिटीचं गावसभागृह झालं, दोन खोल्यांची लाकडी घरं जोडून मोठी घरं झाली आणि उरलेल्या सामानातून बिटीची शाळा बांधली गेली.