‘का?’ची वंशावळ

लार्स फॉन ट्रिअरच्या ‘निम्फोमॅनिॲक’मध्ये (२०१३) जो नावाची बाई मार खाऊन गल्लीत पडलेली असते. सेलिग्मन हा एकटा राहणारा, पुस्तकांत बुडालेला गृहस्थ तिला घरी नेतो, चहा देतो आणि ती रात्रभर आपल्या वासनेची कहाणी सांगते. प्रत्येक प्रकरण तो कशाशी तरी नेऊन जोडतो. कधी गळ टाकून मासे धरणं, कधी फिबोनाचीची आकडेमाला, कधी बाखचं संगीत. आणि शेवटी हाच समजूतदार श्रोता ती झोपलेली असताना तिच्याशी लगट करायला येतो. पडदा काळा होतो, गोळीचा आवाज येतो.

ट्रिअरला खळबळ माजवायची हौस दांडगी. साडेपाच तासांची पूर्ण आवृत्ती तर अंत पाहते. पण अर्थ लावणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं ही त्याची खेळी मला मोलाची वाटते. बाईच्या अनावर वासनेमागचं कारण सांगायचं सिनेमाने हळूहळू सोडून दिलं. तिथून मागे चालत गेलं, की उत्तरं अधिकाधिक ठाम होत जातात.

मिशाएल हानेकेच्या ‘द पियानो टीचर’मध्ये (२००१) एरिका कोहुट व्हिएन्नात पियानो शिकवते. वयाने चाळिशीच्या आसपास, तरी झोपते आईच्या शेजारी. ती घरी आली रे आली, की आई तिची पर्स उचकटते. शूबर्टच्या बाबतीत विद्यार्थ्यांची जराही गय न करणारी ही बाई अश्लील फिती दाखवणाऱ्या दुकानातल्या खोपटात जाऊन बसते आणि आधीच्या गिऱ्हाइकाने टाकलेला कागदी रुमाल नाकाशी धरते. इझाबेल ह्युपेरच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. एल्फ्रीडे येलिनेकच्या मूळ कादंबरीत (१९८३) मात्र जहरी जिभेचं निवेदन आहे. ते आईला, व्हिएन्नाच्या संगीतप्रतिष्ठेला, सगळ्यांनाच धारेवर धरतं. हानेकेने ते निवेदन काढून टाकलं, आई तेवढी ठेवली.

त्याही मागे लुई बुन्युएलचा ‘बेल द जूर’ (१९६७). सेव्हरिन ही सर्जनची बायको. दुपारी दोन ते पाच ती मादाम अनाईसच्या कोठीवर जाते. कातरीन दनव्हच्या अंगावर इव्ह सँ लोराँचे कपडे आहेत आणि चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. एक गिऱ्हाईक एक डबी घेऊन येतं. आतून गुणगुणल्यासारखा आवाज येतो, एक बाई आत डोकावून नकार देते, सेव्हरिन तयार होते. डबीत काय होतं, असं लोक बुन्युएलला आयुष्यभर विचारत राहिले. तो म्हणे, तुम्हाला हवं ते. सेव्हरिनच्या बालपणाच्याही दोनच झलका येतात. एक कामगार त्या लहान मुलीला जवळ ओढतो, आणि चर्चमध्ये पाद्री प्रसाद देत असताना ती तोंड मिटून घेते. डोळ्याचं पातं लवलं तर दोन्ही हुकतील.

चित्रपट ज्यावर बेतला त्या जोझेफ केसेलच्या १९२८च्या कादंबरीत तोच कामगार सुरुवातीलाच भेटतो. आठ वर्षांची मुलगी, लांब बोळ, प्लंबर. कारण पहिल्याच पानावर हातात दिलेलं! तरीही ‘ग्रँग्वार’ साप्ताहिकात ती क्रमशः येताना गदारोळ झालाच, आणि पुस्तकाला प्रस्तावना जोडून केसेलला हृदय आणि देह यांच्या फारकतीवर खुलासा करावा लागला. शेवटी त्याची सेव्हरिन नवऱ्याला सगळं सांगते आणि तो पुन्हा कधीच बोलत नाही. बुन्युएलचा नवरा मात्र चाकाच्या खुर्चीतून खुशाल उठून उभा राहतो. खरं काय नि स्वप्न काय, तुम्ही ठरवा.

आणखी मागे, १८५७ साली, फ्लोबेरवर ‘मादाम बोव्हारी’साठी खटला भरला गेला आणि तो सुटला. त्याची एमा कादंबऱ्या वाचवाचून बहकते. ही कल्पनाही त्याची एकट्याची नव्हती. १७७१मध्ये बिएन्व्हिल नावाच्या डॉक्टरने बाईच्या अनावर वासनेच्या ‘रोगा’वर अख्खा ग्रंथ लिहिला होता. त्याला कशाचीच शंका नव्हती. कारणांची यादी त्याच्याकडे तयार होती: चमचमीत खाणं, फार चॉकलेट, मनातले अशुद्ध विचार, हस्तमैथुन आणि कादंबऱ्या.