बॅगेत मावणारी काठी

सात फुटांची काठी आणि सत्तर सेंटिमीटरची बॅग, हे गणित मला पहिल्यांदा पडलं ते श्रीनगरला जाताना. पहलगामजवळ लिद्दर नदीत ट्राउट गरवायची फार दिवसांची हौस होती. माझी काठी दोन तुकड्यांची. एकेक तुकडा साडेतीन फूट, म्हणजे १०७ सेंटिमीटर. घरातल्या कुठल्याच बॅगेत ती जाईना. मग प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाईप कापून आणला, दोन्ही टोकांना टोपणं बसवली, आत जुना टॉवेल कोंबला आणि विमानतळावर त्यावर 'नाजूक सामान'ची चिठ्ठी लावून घेतली. तिकडे पट्ट्यावरून पाईप आला तेव्हा एक टोपण गायब होतं, आणि शेंड्याचा चार इंचांचा तुकडा कडीसकट टॉवेलात अडकून पडला होता.

चार इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण काठीचा सगळा जीव शेंड्यात असतो. माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलेलं हाताला कळतं ते शेंड्यामुळे. शेंडा मोडलेल्या काठीने मी दोन दिवस काढले, आणि परत आल्यावर ठरवलं की पुढची काठी घ्यायची ती कपड्यांच्या बॅगेत जाणारी, आणि खिशाला झेपणारी. ती शोधताना मनात आलं: काठीचे तुकडे करायची गरज मुळात कुणाला पडली, आणि कशासाठी?

आमच्या कोकणात गरवणाऱ्याला ती पडली नाही. खाडी घराच्या पायथ्याशी, बांबू परसात. काठी तोडायची, शेंड्याला दोरी बांधायची, गरीला कोलंबी लावायची आणि धक्क्यावर बसायचं. परतल्यावर काठी वळचणीला. ज्याचं पाणी दाराशी आहे त्याला काठी मोडून जोडायचं कारण नसतं. ते कारण पाण्यापासून लांब राहणाऱ्याला असतं. आणि नवल म्हणजे, कधी कधी लपवाछपवी करणाऱ्यालाही असतं.

लपवाछपवीची गोष्ट चांगली ५०० वर्षं जुनी आहे. १४९६ साली इंग्लंडमध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्यावरचा एक छोटा प्रबंध छापला. लेखिका म्हणून डेम ज्युलियाना बर्नर्स या मठातल्या जोगिणीचं नाव घेतलं जातं, पण त्याला पक्का पुरावा नाही. या प्रबंधात काठी करायची कृती अगदी पाककृतीसारखी बारकाईने दिली आहे. हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पनचा दांडा हिवाळ्याच्या दिवसांत तोडायचा, भट्टीत तापवून सरळ करायचा, महिनाभर वाळवायचा. मग तापलेल्या सळया एकामागून एक घालून आतला गाभा जाळून काढायचा, म्हणजे दांड्याची नळी होते. वरचा लवचीक भाग निराळ्या लाकडाचा, आणि तो या नळीच्या पोटात ठेवायचा. दोन्ही टोकांना लोखंडी कडी घातली की हातात दिसते ती साधी चालायची काठी. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही तुम्ही कुठे निघालात हे कळणार नाही, असं प्रबंध मोठ्या समाधानाने सांगतो. आज आपण जिला ट्रॅव्हल रॉड म्हणतो तिची इतकी जुनी लेखी कृती माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

तीच लपवाछपवी पुढे अमेरिकेत उगवली. कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल गावचा एव्हरेट हॉर्टन हा कारागीर. १८८७ च्या मार्चमध्ये त्याने पोलादी नळ्यांच्या काठीचं पेटंट घेतलं. एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी, घरातले स्टीलचे डबे एकात एक बसतात तशा. असं सांगतात की तिथे रविवारी मासे धरायला बसणं पाप समजलं जाई, म्हणून त्याला कोटाखाली दडेल अशी काठी हवी होती. खरंखोटं कसंही असो, काठी चालली. 'ब्रिस्टल' नावाच्या पोलादी काठ्या पुढे अनेक वर्षं विकल्या गेल्या. आज बाजारात जी स्वस्तातली टेलिस्कोपिक काठी मिळते तिचं पाश्चात्य घराणं हे.

पौर्वात्य घराणं जास्त देखणं आहे. एदो, म्हणजे आजचं टोकियो, हे मोठं शहर. शहरातला माणूस नदीपर्यंत चालत जाणार, वाटेत गर्दी, अरुंद गल्ल्या. तिथे बांबूच्या जोडकाठीची कला बहरली. १७८८ साली तायचिया तोसाकू याने एदोत आपलं दुकान सुरू केलं आणि तिथून 'एदो वाझाओ' या काठ्यांची परंपरा मोजली जाते. बुंध्याला एका जातीचा बांबू, मधे दुसरा, शेंड्याला तिसरा. प्रत्येक कांडं विस्तवावर धरून सरळ केलेलं, सांध्यावर रेशमी दोरा गुंडाळून लाखेचे थरावर थर दिलेले. बारीक तुकडे जाड तुकड्यांच्या पोटात जातात आणि सहा तुकड्यांची काठी दोनच तुकड्यांएवढी होऊन बसते. झटका देऊन आतले तुकडे बाहेर काढायच्या काठीला तिथे 'फुरिदाशी' म्हणतात. जपानी टेलिस्कोपिक काठीला आजही तोच शब्द आहे.

इथे आपल्या देशाचा एक धागा येतो. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी हा बंदुका दुरुस्त करणारा कारागीर बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या करू लागला. नंतर मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची काठी नावारूपाला आणली: प्रत्येक पट्टीचा छेद ६० अंशांचा त्रिकोण, सहा मिळून षट्कोन, आत पोकळी नाही, बाहेर बांबूची कणखर साल. हा बांबू जायचा कुठून? कलकत्त्याच्या बंदरातून. कारागीर त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. म्हणजे विलायती नदीकाठी ज्या काठीचं कौतुक व्हायचं ती आपल्याकडच्या बेटांतून गेलेली असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडाँगमधला टाँकिन बांबू आला, पेरं लांब, तंतू दाट, आणि कलकत्त्याचं नाव मागे पडलं.

पण मुख्य गोष्ट राहिलीच: सांधा. बांबूच्या काठीचे दोन किंवा तीन तुकडे एकमेकांत बसवायला धातूची नळी लागे, पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची. बांबू वाकतो, धातू वाकत नाही. काठीला बाक आला की सांध्याशी तो बाक मोडतो, सपाट होतो, आणि शेजारच्या बांबूवर सगळा ताण येतो. शिवाय प्रत्येक नळी म्हणजे काठीच्या मधोमध बांधलेलं वजन. तेव्हाही आगगाडीने जाणाऱ्यांसाठी ट्रंकेत मावणाऱ्या पाचसहा तुकड्यांच्या काठ्या विकल्या जात. पण इतके धातूचे सांधे असलेली काठी हातात कशी लागत असेल याची कल्पना करता येते. म्हणून जाणकार दोन-तीन तुकड्यांच्या पुढे जात नसत. तुकडे जास्त तितकी काठी मेलेली, हा समज तिथून आला आणि अजून लोकांच्या तोंडी आहे.

तो खोटा पडला तो काचेच्या धाग्यामुळे. आर्थर हॉवल्ड या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या मोडलेल्या बांबू काठीचा शेंडा काचेच्या धाग्यांचा करून पाहिला, अशी हकिकत आहे. १९४७ साली शेक्सपियर कंपनीने फायबरग्लासची 'वंडररॉड' बाजारात आणली. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टाँकिन बांबू येईनासा झाला आणि काचेला मैदान मोकळं मिळालं. पण माझ्या मते खरा उलटफेर त्यानंतरचा. १९६० च्या दशकात फेनविक कंपनीच्या जिम ग्रीन यांनी धातूची नळीच काढून टाकली. वरच्या तुकड्याचं तोंड किंचित रुंद करायचं आणि ते खालच्या तुकड्यावर टोपीसारखं बसवायचं. काचेवर काच. सांधाही काठीबरोबर वाकू लागला. चार तुकड्यांची काठी एकसंध काठीसारखी बाक घेऊ शकते ही शक्यता त्या दिवसापासूनची.

आणि मग कार्बन. ओसाका इथल्या संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी १९६० च्या आसपास अ‍ॅक्रिलिक धाग्यापासून कार्बनचा तंतू केला. तोरे कंपनीने १९७१ साली त्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. विमानासाठी हे स्वप्नातलं द्रव्य, पण विमानाचे अभियंते चाचण्या केल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत. कोळी मात्र थांबले नाहीत. जपानात आयु नावाचा नदीतला मासा जिवंत आयुचंच आमिष दाखवून धरतात. आयुला आपल्या हद्दीत दुसरा आयु खपत नाही. तो धडक मारायला येतो आणि अडकतो. त्यासाठी काठी लागते जवळजवळ नऊ मीटरची, आणि ती दिवसभर प्रवाहात उभं राहून हातात धरायची. तिथे वजनातला प्रत्येक ग्रॅम खांद्याला कळतो. म्हणून १९७२ साली जपानच्या ऑलिंपिक कंपनीची कार्बनची काठी आली ती आयुसाठी. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत फेनविकची आली. विमानात हे द्रव्य आधी किरकोळ भागांत शिरलं, मग शेपटीत. आणि २००९ साली बोइंग ७८७ पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्या सांगाड्याच्या वजनात निम्मा वाटा अशा संमिश्र द्रव्यांचा होता, त्यातला कार्बन तंतू तोरेचाच.

हे कळल्यापासून काठी बॅगेत घालताना मला फार आनंद होतो. जिला विमानात न्यायची तीच विमानाची थोरली बहीण निघाली.

आता दुकानात. स्वस्त काठी घेताना मी या कुळकथेतली एकच गोष्ट ध्यानात ठेवतो: पैसे सांध्यात असतात. सात फुटांच्या तीन तुकड्यांच्या काठीचा एकेक तुकडा ७४ सेंटिमीटरच्या आसपास भरतो; मोठ्या बॅगेत तिरका जातो, मधल्या बॅगेत अडतो. चार तुकड्यांचा साधारण ५६ सेंटिमीटर, तो बिनतक्रार मावतो. टेलिस्कोपिक त्याहूनही आखूड होते आणि हजाराच्या आतबाहेर मिळते, पण तिचे पाचसात तुकडे, एकात एक जायचे म्हणून भिंती पातळ, आणि सांध्यात रेतीचा एक कण गेला की बाहेर आलेला तुकडा आत जायला तयार नसतो. समुद्रावर तर हे हटकून होतं. मुलांसाठी, तळ्यावर, जरूर घ्यावी. एका सहलीपेक्षा जास्त वापरायची असेल तर थोडे पैसे घालून चार तुकड्यांची घ्यावी, आणि तीही काच व कार्बन मिसळलेली. निव्वळ कार्बन हलका खरा, पण ठेच लागली की तडकतो. प्रवासात काचेचा चिवटपणा कामी येतो. काठीवर छापलेल्या कार्बनच्या टक्केवारीवर मी किंमत ठरवत नाही.

दुकानात काठी जोडून बघावी, दुकानदाराने नाक मुरडलं तरी. बुंध्याकडून एक डोळा मिटून पाहावं, कड्या एका रेषेत येतात का. शेंडा छताला हलकेच टेकवून बाक द्यावा आणि सांध्याशी तो मोडतो का, की वाहतो, ते पाहावं. सांधा बसवताना शेवटी बोटांना जाणवतं तसं घट्टपण यायला हवं. खडखड आली तर ती काठी ठेवून द्यावी. जिच्या सांध्यात आतून खुंटी असते तिथे दोन तुकड्यांमधे थोडी फट दिसते. तो दोष नव्हे. झिजेसाठी मुद्दाम सोडलेली जागा आहे. विमानासाठी तुकडे कापडी पिशवीत, कपड्यांच्या मधोमध, चेक-इन बॅगेत. गळ, पक्कड, सुरीही तिथेच. केबिनमध्ये काही नको.

दुसऱ्या खेपेला लिद्दरवर गेलो ते चार तुकड्यांची काठी घेऊन. बॅग उघडली तर चारही तुकडे स्वेटरच्या घडीत जसेच्या तसे. परवाना दाखवला, राखणदार चाचा शेजारी दगडावर येऊन बसले. सांध्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं, शेंड्याकडून जोडत आलो, कड्या पाव फेरा तिरप्या धरून हलकेच रेषेत फिरवल्या. दुपारपर्यंत दोन ट्राउट आले, दोन्ही सोडले.

संध्याकाळी मधला सांधा निघेना. गार पाण्याने की मी जास्त जोर लावून बसवला होता म्हणून, कोण जाणे. मी पिळायला लागलो तसा चाचांनी माझा हात धरला. "ऐसे नहीं." ते समोर उभे राहिले. सांध्याच्या या बाजूला त्यांनी आपला एक हात आणि माझा एक, त्या बाजूलाही तसंच, असे चार हात लावले, आणि डोळ्यांनी खूण केली. दोघांनी एकदम, सरळ रेषेत ओढलं. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. चाचांनी दोन्ही तोंडं फिरनच्या बाहीने पुसली, आतला थेंब फुंकून उडवला आणि तुकडे माझ्या हातात दिले.